चारीतले शेवाळ आणि त्याची चुकलेली ओळख

१/
अकलूज हे नाव इतिहासप्रेमींच्या कानावर पडते ते बहुधा १६८९ च्या फेब्रुवारीच्या संदर्भात. छत्रपती संभाजी महाराज पकडले गेल्याची बातमी औरंगजेबाला मिळाली, तेव्हा त्याची छावणी नीरेकाठच्या या गावी होती. आजचा धागा मात्र बादशहाचा नाही. उसाच्या या मुलुखात चारीला पाणी सुटले की पाटकरी जे काठीने बाहेर ओढून काठावर फेकतो, त्या हिरव्या, लांबलचक, गुंतवळीसारख्या शेवाळाचा हा इतिहास आहे.

२/
या शेवाळाने एके काळी साखर पांढरी केली. जगदीशचंद्र बोस यांच्या प्रयोगशाळेत ते महत्त्वाचे साधन ठरले. विसाव्या शतकाच्या मध्यात मत्स्यपेटीची शोभा म्हणून ते अमेरिकेत गेले आणि काही दशकांतच एका अख्ख्या राज्याच्या सरोवरांचे दुखणे होऊन बसले. आणि आपल्याच महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला आज मच्छीमार तेच शेवाळ चिखलात उतरून हाताने लावत आहेत. वनस्पती एकच, पण तिला कोणी, कुठे आणि कोणत्या नावाने ओळखले यावर तिचे नशीब फिरत गेले.

३/
तिचे शास्त्रीय नाव हायड्रिला व्हर्टिसिलाटा. शाळेत विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाने हायड्रिला पाहिलेली असते, निदान पुस्तकातल्या आकृतीत तरी. चंचुपात्रातले पाणी, त्यात उलटे ठेवलेले नरसाळे, नरसाळ्याखाली हायड्रिलाच्या काड्या, वर पाण्याने भरून उपडी घातलेली परीक्षानळी. पात्र उन्हात ठेवले की काडीच्या कापलेल्या टोकातून बुडबुड्यांची माळ सुटते आणि त्या वायूने विझत आलेली काडी पुन्हा पेट घेते. प्रकाशसंश्लेषणाचा हा प्रयोग आपण तोंडपाठ केला. ती वनस्पती गावच्या ओढ्यात आहे का, हे मात्र पाहायला फारसे कोणी गेले नाही.

४/
याचे एक कारण भाषेत आहे. संस्कृतातला ‘शैवाल’ मराठीत ‘शेवाळ’ झाला, हिंदी पट्ट्यात ‘सिवार’ झाला. पाण्यात जे जे हिरवे आणि बुळबुळीत, ते सारे या एका शब्दाच्या पोटात गेले. हौदाच्या भिंतीवरचा हिरवा लेप तोही शेवाळ आणि हातभर लांबीची, पानांची, फुलांची, मुळांची वनस्पती तीही शेवाळ. पुढे शास्त्रीय परिभाषा घडवताना ‘शैवाल’ हा शब्द फुले न येणाऱ्या वर्गासाठी राखून ठेवला गेला. हायड्रिला त्या वर्गातली नाही. तिला फुले येतात, आणि ती येण्याची तऱ्हा विलक्षण आहे. नरफूल खोडापासून सुटते, पाण्यातून वर येते, पृष्ठभागाशी फुटते आणि पराग उधळते. मादीफूल दोऱ्यासारख्या लांब नळीच्या टोकावर पाण्याच्या पृष्ठभागाशी वाट पाहत असते.

५/
युरोपीय विज्ञानाच्या वहीत ही वनस्पती भारतातूनच नोंदली गेली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात योहान गेरहार्ड कोनिग हा लिनियसचा शिष्य कोरोमंडल किनाऱ्यावरच्या त्रांकेबार या डॅनिश वसाहतीत डॉक्टर म्हणून आला होता. त्याच्यासारख्यांच्या हातून दक्षिण भारतातील वनस्पतींचे वाळवलेले नमुने युरोपला जात. थोरला लिनियस १७७८ मध्ये वारला. त्याच्या मुलाने वडिलांच्या कामाला जी पुरवणी जोडली, तिच्यात आपल्या शेवाळाला ‘सर्पिक्युला व्हर्टिसिलाटा’ हे नाव मिळाले.

६/
‘व्हर्टिसिलाटा’ या विशेषणाच्या मुळाशी सूत कातण्याच्या चातीवरच्या चकतीचा लॅटिन शब्द आहे. खोडाच्या प्रत्येक पेऱ्यावर पानांची गोल चकती असते, म्हणून हे नाव. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ रिशार याने ‘हायड्रिला’ ही वेगळी प्रजाती मांडली आणि १८३९ मध्ये जॉन फोर्ब्स रॉयल याने दोन्ही नावांची सांगड घालून आजचे नाव पक्के केले. हा रॉयल सहारनपूरच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा प्रमुख राहिलेला होता. म्हणजे नमुना भारतातला आणि नाव पक्के करणाऱ्याची उमेदवारीही भारतातलीच.

७/
आता साखरेकडे वळू. कंपनीच्या काळातील थोर वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग याने या वनस्पतीचे वर्णन करताना एक नोंद करून ठेवली आहे. कलकत्त्याच्या आसपासचे साखर करणारे लोक हे ओले शेवाळ साखरेच्या थरावर पसरतात आणि दोन-तीन दिवसांनी ते उचलून खालची कोरडी साखर काढून घेतात. वेस्ट इंडिजमध्ये हेच काम ओल्या चिकणमातीने करत, असेही तो सांगतो.

८/
ही रीत समजून घेण्यासारखी आहे. उसाचा रस आटवला की दाणे धरलेली दाट राब तयार होते. प्रत्येक दाण्याभोवती तांबूस, चिकट पाकाचे आवरण असते. ते काढल्याशिवाय साखर पांढरी दिसत नाही. पाणी ओतावे तर दाणेच विरघळतात. इथे शेवाळ उपयोगी पडे. त्याच्यात पाणी भरपूर असते, पण ते एकदम सुटत नाही, दिवसभर थेंबाथेंबाने झिरपते. तो ओलावा साखरेच्या थरातून खाली उतरताना दाण्यांवरचा पाक धुऊन नेतो. वरचा थर उजळला की तो खरवडून घ्यायचा, पुन्हा नवे शेवाळ पसरायचे, आणि असे तळापर्यंत जायचे. हे काम फक्त हायड्रिला करी असे नव्हे, सिवार म्हणून वापरल्या जाणाऱ्या गठ्ठ्यात इतरही पाणवनस्पती असत. उत्तर हिंदुस्थानातील खांडसरीच्या धंद्यात ही रीत दीर्घकाळ टिकली.

९/
आपल्याकडे ती का रुजली नाही? माझ्या मते उत्तर सरळ आहे. आपला प्रदेश गुळाचा. गुऱ्हाळात काहिलीतला रस आटवून त्याची ढेप करायची, म्हणजे पाक आणि दाणे वेगळे करण्याचा प्रश्नच उरत नाही. सिवारीची गरज साखर करणाऱ्याला, गूळ करणाऱ्याला नाही. त्यामुळे गंगेच्या खोऱ्यात जे शेवाळ कारागिराचा कच्चा माल होते, ते नीरा-भीमेच्या खोऱ्यात नुसतेच शेवाळ राहिले.

१०/
अकलूजच्या परिसरात साखर आली ती थेट यंत्रयुगातली. भाटघर येथील लॉइड धरण १९२० च्या दशकाच्या अखेरीस पुरे झाले आणि नीरा उजव्या कालव्याने फलटण, माळशिरसच्या कोरडवाहू जमिनीत पाणी खेळू लागले. सासवडकडून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी १९३० च्या दशकात अकलूजजवळ माळीनगर वसवून स्वतःचा कारखाना उभारला. पुढे शंकरराव मोहिते-पाटलांच्या पुढाकाराने सहकारी कारखानाही आला. या कारखान्यांत पाक वेगळा करतात तो गरगर फिरणाऱ्या यंत्रात. सिवारीला जे साधायला दिवस लागत, ते तिथे काही मिनिटांत होते, आणि निघालेल्या पाकाला मळी म्हणतात.

११/
इथे एक गंमत लक्षात घ्या. ज्या कालव्याने ऊस आणला, त्याच कालव्याने शेवाळालाही घर दिले. संथ, उथळ, उन्हाने तापणारे आणि शेतातल्या खताचा अंश वाहून आणणारे पाणी हायड्रिलाला फार मानवते. चारीत तिची गर्दी झाली की पाण्याचा वेग मंदावतो आणि शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत आवर्तन पोहोचत नाही. टेलच्या माणसाचे भांडण वरच्या माणसाशी होते, आणि या दोघांच्या मध्ये पडलेल्या तिसऱ्याचे नाव कोणी घेत नाही.

१२/
पण ऊस आणि शेवाळ यांचे नाते याहून खोल आहे, आणि ते उलगडण्याची सुरुवात कलकत्त्यात झाली. जगदीशचंद्र बोस यांनी १९१७ मध्ये बसू विज्ञान मंदिर स्थापन केले. तिथल्या त्यांच्या प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगांत हायड्रिला हे मुख्य पात्र होते. आपण शाळेत बुडबुडे नजरेने मोजतो. बोस यांनी अशी रचना केली होती की प्रत्येक बुडबुड्यासरशी विजेचे मंडल पूर्ण व्हावे आणि त्याची आपोआप नोंद व्हावी. हे काम त्यांच्या १९२४ च्या प्रकाशसंश्लेषणावरील ग्रंथात आले. उन्हाळ्यातली हायड्रिला आणि हिवाळ्यातली हायड्रिला यांचे वागणे सारखे नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते.

१३/
त्याचे कारण कळायला अर्धशतक जावे लागले. १९६० च्या दशकात ऊस या पिकावर काम करताना शास्त्रज्ञांना आढळले की काही वनस्पती कार्बन डायऑक्साइड आधी साठवून, दाटवून मग वापरतात. यालाच ‘सी-४’ पद्धत म्हणतात. उसात हे काम पानांतल्या दोन प्रकारच्या पेशी वाटून घेतात. १९८० च्या सुमारास फ्लोरिडा विद्यापीठात जॉर्ज बोवेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की पाणी तापले आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड संपत आला की हायड्रिलाही अशाच पद्धतीकडे वळते, आणि दोन पेशींची वाटणी न करता एकाच पेशीत सगळे उरकते. दुपारच्या उन्हात गर्दी झालेल्या डबक्यात इतर वनस्पती थंडावतात, ही मात्र वाढत राहते. चारीच्या काठावरचा ऊस आणि चारीतले शेवाळ, दोघांची युक्ती जवळपास एकच आहे.

१४/
हे संशोधन फ्लोरिडातच का झाले, याचे उत्तर मत्स्यपेटीत आहे. १९५० च्या दशकाच्या आरंभी सेंट लुईस येथील शोभेच्या माशांच्या एका व्यापाऱ्याने श्रीलंकेहून हायड्रिला मागवली आणि फ्लोरिडातल्या टॅम्पा येथे धाडली. तिथे ती जवळच्या कालव्यात पडली आणि फोफावली. मग ती तिथूनच काढून ‘इंडियन स्टार-व्हाइन’ अशा मोहक नावाने विकली जाऊ लागली. काचेच्या पेटीत ती सुंदर दिसते यात शंका नाही. उजेड कमी असो वा जास्त, पाणी जड असो वा हलके, ती तक्रार करत नाही. व्यापाऱ्याच्या दृष्टीने याहून चांगला माल कोणता?

१५/
१९६० च्या सुमारास मायामीजवळच्या एका कालव्यात आणि क्रिस्टल रिव्हर या नदीत ही वनस्पती बेसुमार वाढलेली आढळली. तिला पाहून लोकांना वाटले ही इलोडिया. इलोडिया अमेरिकेची स्वतःची पाणवनस्पती, दिसायला बरीचशी अशीच. ‘फ्लोरिडा इलोडिया’ हे नाव रूढ झाले. परकी वनस्पती घरात शिरली होती आणि घरचे तिला आपल्याच कुटुंबातले समजून बसले होते. १९६९ मध्ये ब्लॅकबर्न आणि सहकाऱ्यांनी फ्लोरिडातील एकमेकींसारख्या दिसणाऱ्या पाणतणांची ओळख आणि त्यांचा प्रसार यांवर निबंध प्रसिद्ध केला. तोवर दशक उलटत आले होते. १९७० च्या दशकात ती राज्यातल्या सर्व प्रमुख पाणलोट क्षेत्रांत पोहोचलेली होती.

१६/
ज्यांना फक्त इतिहास हवा आहे त्यांनी हा भाग ओलांडला तरी चालेल, पण मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तिघी सारख्या दिसतात, मग ओळखायच्या कशा? इलोडियाच्या पेऱ्यावर बहुधा तीन पाने असतात. दक्षिण अमेरिकेतली इजेरिया मत्स्यपेटीच्या दुकानांत सर्रास मिळते. तिच्या पेऱ्यावर बहुधा चार पाने असतात, ती आकाराने मोठी, आणि तिचे पांढरे तीन पाकळ्यांचे फूल पाण्यावर ठसठशीत दिसते. हायड्रिलाच्या पेऱ्यावर बहुधा चार ते आठ पाने, पुष्कळदा पाच.

१७/
पानांच्या संख्येवर मात्र विसंबू नये. एकाच काडीवर खाली तीन आणि वर सहा असेही दिसते. त्याहून खात्रीची खूण बोटाला कळते. हायड्रिलाच्या पानाच्या कडेला करवतीसारखे दात असतात आणि पानाखालच्या मधल्या शिरेवर बारीक काटे. काडी टोकाकडून बुडाकडे बोटांतून ओढली की खरखर जाणवते. इजेरिया त्या मानाने मऊ लागते. मधली शीर कधी कधी तांबूस असते. आणि अखेरची, निर्विवाद खूण जमिनीखाली असते. चिखलात हात घालून मुळे उपसली आणि त्यांच्या टोकाशी वाटाण्याहून लहान, पांढुरका किंवा तपकिरी कंद सापडला, तर वाद संपला. इलोडिया आणि इजेरिया यांना असे कंद नसतात.

१८/
या कंदानेच फ्लोरिडाला जेरीस आणले. वरची झाडे कापली, औषध मारून जाळली, तरी कंद चिखलात काही वर्षे जिवंत राहतात. शिवाय पानांच्या बगलेत हिरव्या कळ्या येतात, त्या गळून दुसरीकडे रुजतात. आणि खोडाचा पेऱ्यासह तुटलेला लहानसा तुकडाही नवे झाड होतो. यंत्राने कापणे म्हणजे पुष्कळदा लावणीच ठरे. बी हवेच कशाला? फ्लोरिडात पसरलेली सगळी झाडे मादी आहेत. बियांवाचून, नराच्या संगतीवाचून त्यांनी सरोवरे व्यापली. राज्याने काही दशकांत तिच्यावर कोट्यवधी डॉलर खर्च केले.

१९/
जाता जाता एक हिशेब नोंदवतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेची इलोडिया ब्रिटनमध्ये पोहोचली होती आणि तिने तिथले कालवे तुंबवले होते. तिथेही जवळपास सगळी झाडे मादीच. शंभर वर्षांनी हायड्रिला अमेरिकेत शिरली ती इलोडियाचेच नाव धारण करून. इतिहासाला विनोदबुद्धी असते असे म्हणण्याचा मोह होतो.

२०/
ती नेमकी आली कुठून? व्यापाराची हकीकत श्रीलंकेचे नाव घेते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या देशांतल्या हायड्रिलांचे जनुकीय नमुने ताडून पाहिले गेले, आणि फ्लोरिडाच्या या मादी झाडांची सर्वांत जवळची नातलग बेंगळुरूची निघाली. दोन्ही गोष्टी एकमेकींना छेद देतातच असे नाही. माल एका बंदरातून निघाला म्हणून तो तिथेच उगवला असे थोडेच असते? कागदाचा पुरावा आणि जिवाचा पुरावा शेजारी ठेवून वाचायची सवय इतिहासाच्या विद्यार्थ्याला असावी, म्हणून हे सांगितले.

२१/
शत्रू भारतीय उपखंडातला, तर त्याचा वैरीही तिथेच शोधावा, या न्यायाने अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ इकडे आले. पाकिस्तान आणि भारतातून दोन कीटक नेऊन १९८७ मध्ये फ्लोरिडात सोडण्यात आले. एक पाने पोखरणारी माशी, दुसरा कंद पोखरणारा सोंडा. माशी टिकली, पण तिच्याने तण आवरले नाही. सोंडा तर टिकलाच नाही, आणि त्याचे कारण मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत बोलके वाटते. हा सोंडा कंदापर्यंत पोहोचतो तो तळ्याचे पाणी ओसरून चिखल उघडा पडल्यावर. फ्लोरिडाची सरोवरे आपल्या तळ्यांसारखी दरसाल आटत नाहीत.

२२/
आपल्याकडे ती आटतात. चैत्र-वैशाखात ओढे कोरडे पडतात, तळ्यांचे काठ दूरवर सरकतात, चिखलाला भेगा जातात. कंद जमिनीत दडतो, त्यातले काही सोंड्याच्या, डुकरांच्या, पक्ष्यांच्या पोटात जातात. उरलेले मृगाच्या पाण्याची वाट पाहतात. शेवाळ संपत नाही आणि माजतही नाही. हा तोल उन्हाळ्याने राखलेला असतो. कालव्यांत दोन आवर्तनांमधला कोरडा काळही थोडेफार हेच काम करतो. जिथे बारमाही पाणी तुंबून राहते, तिथे हा लगाम सुटतो.

२३/
आता महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गोंदिया-भंडाऱ्याला जाऊ. तलावांचा हा प्रदेश. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने बांधलेल्या आणि पुढे मालगुजारी म्हणून ओळखल्या गेलेल्या तलावांवर तिथला ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आला. मालगुजारी गेली, तलावांची मालकी बदलली, भरघोस उत्पन्नाच्या आशेने बाहेरच्या माशांचे बीज सोडले गेले. त्यांतला गवत्या मासा १९५९ मध्ये हाँगकाँगहून भारतात आला. त्याचे आवडते खाद्य म्हणजे हायड्रिलासारख्या पाणवनस्पती. फ्लोरिडात हायड्रिला संपवण्यासाठी ज्या माशाची प्रजननक्षम नसलेली पैदास मुद्दाम सोडतात, तो हाच.

२४/
तलावांचे तळ उघडे पडले. पाण्यातल्या रानात अंडी घालणारे, पिल्ले वाढवणारे देशी मासे कमी झाले. काठावर बेशरम माजली. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी अर्जुनी मोरगावच्या परिसरात ढिवरांबरोबर बसून कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते याचे त्यांच्याकडचे ज्ञान टिपले. मग काम सुरू झाले. उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरायचा, बेशरम उपटायची, आणि पाणी आल्यावर दुसऱ्या तलावांतून आणलेल्या देशी पाणवनस्पती रोवायच्या. त्यांत हायड्रिला आहे. या कामात ढिवर स्त्रियांचा वाटा मोठा आहे. देशी मासे परतू लागले, पक्षीही आले.

२५/
म्हणजे जी वनस्पती उपटायला एक राज्य खजिना रिकामा करते, तीच लावायला दुसरीकडे बायका गुडघाभर चिखलात उतरतात. यात विसंगती काहीच नाही. गोंदियाच्या तलावात तिला खाणारे आहेत, तिच्यात अंडी घालणारे आहेत, उन्हाळा आहे. ढिवराला ‘शेवाळ’ हा एकच शब्द पुरत नाही. त्याला प्रत्येक पाणवनस्पती वेगळी दिसते, कारण त्याचे पोट त्यावर अवलंबून असते. रॉक्सबर्गच्या कलकत्त्यातल्या साखरवाल्यालाही ती अशीच वेगळी दिसत असणार.

२६/
आपणही उलट्या बाजूने तीच चूक केलेली आहे. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली. निळ्याजांभळ्या फुलांच्या शोभेसाठी ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली असे मानले जाते, आणि १९३६ मध्ये तिच्याविरुद्ध तिथे कायदाच करावा लागला. आज उजनीच्या फुगवट्यात ती पाहायला लांब जावे लागत नाही. २०२० मध्ये केरळात कोळिकोडजवळच्या आवळ पांडी इथला कालवा गुलाबी फुलांनी भरून गेला आणि छायाचित्रे काढायला झुंबड उडाली. ती कॅबोम्बा होती, दक्षिण अमेरिकेची, मत्स्यपेटीत लावली जाणारी. बघ्यांपैकी कित्येकांनी फुले तोडून सोबत नेली.

२७/
ज्यांच्या घरी मत्स्यपेटी आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहारातले. हायड्रिला लावायला सोपी. वीतभर लांबीच्या पाच-सहा काड्या घ्या, खालच्या दोन-तीन पेऱ्यांची पाने काढा आणि धुतलेल्या वाळूत एकमेकींपासून बोटभर अंतरावर रोवा. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी तिला चालते. वेगळा वायू सोडण्याची किंवा महागड्या दिव्याची गरज नाही. आठवडाभरात नवे शेंडे दिसतात आणि मग दर आठवड्याला छाटणी करावीच लागते. ओढ्यातून आणली असेल तर आधी काही दिवस वेगळ्या बादलीत ठेवा, तिच्यासोबत गोगलगाई आणि कीटकांच्या अळ्या येतात. दुकानातून ‘हायड्रिला’ म्हणून घेतलेली काडी बोटांतून ओढून पाहा. पुष्कळदा ती इजेरिया निघते.

२८/
छाटलेल्या काड्या मोरीत, ओढ्यात किंवा कालव्यात टाकू नका, मग ती देशी हायड्रिला असो वा परकी इजेरिया. उन्हात कडकडीत वाळवा आणि कुंडीत घाला, खत चांगले होते. काही महिन्यांनी पेटीतली वाळू बदलाल तेव्हा ती चाळणीतून गाळून घ्या. दिवस लहान होत जाण्याच्या काळात हायड्रिला कंद धरते. चाळणीत दोन-चार पांढुरके, टोकदार दाणे उरले, तर एक सुरीने मधोमध कापून पाहा. आत पिष्टाचा दाट, पांढरा साठा दिसेल. बाकीचे ओल्या कापडात गुंडाळून ठेवले तर ज्येष्ठात पुन्हा लावता येतील.